घुमणाऱ्या खोल्या : होम थिएटरबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात होम थिएटरचे पाच स्पीकर आणि सबवूफर, म्हणजे बासचे खालचे जाड सूर देणारा वेगळा स्पीकर, कुठे ठेवायचे ते सांगितलं होतं. त्यावर जे प्रश्न आले त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच, की सगळं सांगितलं तसं लावलं, चांगले पैसे घातले, तरी डायलॉग नीट कळत नाहीत आणि बास नुसता घुमतोय. म्हणून यावेळी स्पीकरचं काहीच बोलणार नाही, फक्त खोलीचं बोलू. कारण आपली घरं म्हणजे आरसीसीची चौकट, दोन्ही बाजूंनी प्लास्टर मारलेली वीट किंवा ब्लॉक, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, आणि एका भिंतीला मोठ्ठी काचेची स्लायडिंग खिडकी. यातलं काहीच आवाज पीत नाही, सगळं परत फेकतं. अशा खोलीत पन्नास हजाराचा सेट काय आणि पाच लाखाचा काय, दोघांची गत सारखीच होते हो.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमधली एक बेडरूम होम थिएटरसाठी रिकामी केली आहे. 11 बाय 14 फूट, उंची साडेनऊ. सेट 5.1 आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. सोफा मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. टाळी वाजवली तर टिर्र असा आवाज येतो. बास कधी छाती दडपेल इतका येतो तर कधी गायबच होतो. कुठून सुरुवात करू? — एक वाचक, नाशिक

टाळी वाजवून बघितलीत हे फार बरं केलंत, अर्धं निदान तिथेच होतं. तो टिर्र आवाज म्हणजे समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंतींमधे आवाजाची चाललेली टोलवाटोलवी. डायलॉगमधली व्यंजनं, म्हणजे त, क, स, प ही अगदी क्षणभराची असतात, आणि मागच्या अक्षराचा घुमार पुढच्या व्यंजनावर येऊन पडला की 'काय म्हणाला' असं विचारावं लागतं. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, त्याबरोबर घुमारही वाढतो, आणि गाडं तिथल्या तिथेच.

सुरुवात सोफ्यापासून करा, कारण त्याला एक पैसा लागत नाही. तुमची खोली 14 फूट लांब आहे ना, आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो, म्हणजे 14 फूट जाऊन परत 14 फूट येणारी लाट साधारण 40 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 40 कंपनांची, होते. ती लाट खोलीत उभी राहते, दोन्ही भिंतींपाशी जोरात आणि बरोबर मधे जवळजवळ शून्य. 11 फुटांच्या रुंदीत अशीच लाट 51 ला उभी राहते आणि साडेनऊ फूट उंचीत 59-60 ला. तुमचा सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, म्हणून 40 चा बास छातीवर बसतो. उद्या तो बरोबर मधोमध आणलात तर तोच बास गायब होईल आणि तुम्ही म्हणाल सबवूफर बिघडला. तेव्हा सोफा मागच्या भिंतीपासून साधारण 5 फूट पुढे आणा. हा काही मंत्र नाही, लांबीच्या 38 टक्क्यांपासून सुरुवात करावी असा एक अंदाज आहे, तिथून फूटभर पुढे-मागे करत कानाला बरं वाटेल तिथे थांबा. घरातले म्हणतील खोलीच्या मधे सोफा काय ठेवलाय, पण त्यांनाही एक सिनेमा दाखवा आणि मग विचारा.

मग सबवूफर. त्याला उचलून चक्क सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासचं एखादं गाणं लूपवर लावा आणि तुम्ही गुडघ्यावर बसून भिंतीच्या कडेकडेने रांगत जा, कान सबवूफरच्या उंचीवर ठेवून. एका जागी नुसतं घुंम्म ऐकू येईल, एका जागी काहीच नाही, आणि कुठेतरी प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या जोराचा ऐकू येईल. सबवूफरची जागा ती. इथून तिथे आणि तिथून इथे आवाजाचा हिशोब सारखाच असतो म्हणून ही युक्ती चालते.

आता भिंती. इथे थोडा इतिहास सांगतो कारण तो आपल्या कामाचा आहे. 1895 मधे हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं नवं लेक्चर हॉल बांधून झालं आणि तिथे मास्तरांचं बोलणंच कळेना, एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं गेलं की बघ काय करता येतंय. त्याने काय केलं, तर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमधे मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि स्टॉपवॉच धरून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत. अशा कित्येक रात्री काढून त्याला सूत्र सापडलं, की खोली जितकी मोठी तितका घुमार जास्त आणि आवाज पिणारं सामान जितकं जास्त तितका कमी. फुटात मांडायचं तर 0.049 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले शोषण. शोषण मोजायचं माप त्याने उघडी खिडकी धरलं, कारण उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे एक चौरस फूट उघडी खिडकी हे एक एकक.

तुमच्या खोलीचं घनफळ 1463 घनफूट. रिकामी असेल तर भिंती-जमीन-छत मिळून पंचवीस-तीस चौरस फूट उघड्या खिडकीइतकंच शोषण भरेल, म्हणजे घुमार दोन सेकंदांच्या वर. आपल्याला हवा साधारण 0.3 ते 0.4 सेकंद. 0.4 धरला तर 180 च्या आसपास शोषण लागतं. कापडी सोफा, जाड चुणीदार पडदा, टाइल्सवर जाड गालिचा आणि बसलेली तीन माणसं मिळून निम्म्याहून थोडं जास्त काम होऊन जातं. उरलेल्या ऐंशीसाठी आवाज पिणारी, 4 बाय 2 फुटांची दहा पॅनल्स. लहान खोलीत हे सूत्र ढोबळच चालतं, खालच्या बासला तर चालतच नाही, पण किती पॅनल्स करायची याचा अंदाज नक्की येतो.

पॅनल घरी होतं, सुतार असेल तर उत्तमच. रॉकवूल म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. घनमीटरला 48 किलो घनतेचं, 50 मिलिमीटरचं रॉकवूल साधारण 4 बाय 2 च्या स्लॅबमधे मिळतं, दोन स्लॅब एकावर एक ठेवले की चार इंच. भोवती पाइनच्या पट्ट्यांची चौकट, पुढे कापड ताणून मागे स्टेपल. कापड कुठलं घ्यायचं, तर दुकानात तोंडाला लावून फुंकर मारा, फुंकर आरपार गेली तर चालेल. खादी, मांजरपाट, गोणपाट सगळं चालतं, रेक्झिन आणि प्लास्टिक कोटिंगवालं नाही. रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क घालाच, त्याचे तंतू फार खाजतात आणि घशात जाऊ देऊ नयेत. मागच्या बाजूनेही कापड लावा म्हणजे तंतू गळणार नाहीत. भिंतीवर गिट्टी-स्क्रूने लावताना मागे दोन-तीन इंच जागा मोकळी सोडा, तेवढ्याच मालात पॅनल आणखी खालपर्यंत काम करतं. याचं कारण असं की भिंतीला अगदी चिकटून हवा हलतच नाही, ती हलते भिंतीपासून दूर, आणि हलणाऱ्या हवेलाच रॉकवूल थकवतं.

कुठे लावायची? तुम्ही सोफ्यावर बसा आणि घरातल्या कुणालातरी हातआरसा घेऊन बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीवर सरकवत न्यायला सांगा. ज्या जागी आरशात तुम्हाला समोरच्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर देणारी छोटी चकती, दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथून आवाज आपटून थेट तुमच्या कानात येतोय. दोन्ही बाजूच्या भिंती आणि जमलं तर छत, एवढ्या जागा पहिल्या. नंतर मागची भिंत, आणि उरलेली चार पॅनल्स कोपऱ्यात तिरकी, जमिनीपासून वर एकावर एक. कोपऱ्यात बास साठतो. आणि एक, माळ्यावर कापसाची जुनी जाड गादी पडली असेल तर ती आधी घट्ट गुंडाळून कोपऱ्यात उभी करून बघा. मी एका घरी पिंजाऱ्याकडून भरलेल्या दोन जुन्या गाद्या समोरच्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या होत्या, वर कापड पांघरून. ढोलाचा ठोका पडला की आधी जो घुंम्म लांबायचा तो धप् वर आला, आणि खर्च शून्य. सॅबिननेही गाद्यांवरच काम केलं, ते काही उगाच नाही.

प्रश्न : मी भाड्याच्या खोलीत राहतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावले तर साउंडप्रूफ होतं असं मित्र म्हणतात. दुसरा म्हणतो एक इंची काळा पिरॅमिड फोम लाव. कुठलं बरं? — एक विद्यार्थी, पिंपरी

दोन्ही नकोत. अंड्याचा ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा, त्याला ना जाडी ना वजन. तो वरच्या पट्टीतला थोडा आवाज इकडेतिकडे करतो, तेवढंच. फोम थोडा बरा, पण एक इंची फोम फक्त वरचा आवाज पितो, खालच्या आवाजाला तो दिसतही नाही. लाटेच्या लांबीचा हिशोब बघा ना, 1000 हर्ट्झची लाट साधारण 34 सेंटिमीटर आणि तिचा पाव भाग साडेआठ सेंटिमीटर, 100 हर्ट्झची लाट साडेतीन मीटर. एक इंच तिच्या पुढे काय करणार. म्हणजे होतं काय की सगळ्या भिंती फोमने भरल्या की चमक निघून जाते, डायलॉग मळकट होतात, आणि घुमणारा बास तसाच राहतो, उलट जास्तच उघडा पडतो. मी अशा खोल्या बघितल्यात, कानात बोळे घातल्यासारखं वाटतं आणि तरी सबवूफर घुमतोच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. साधा पीयू फोम आणि पुठ्ठा, दोन्ही भराभर पेटतात, फोमचा धूर विषारी असतो, आणि आपल्या खोल्यांत एकच दार. वायरिंगच्या बाजूला हे असलं काही चिकटवू नका, कळकळीने सांगतोय. रॉकवूल जळत नाही, म्हणून मी तेच सांगत असतो.

साउंडप्रूफ या शब्दाचंही एकदा स्पष्ट करून टाकू. आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. शोषायला मऊ, सच्छिद्र, जाड वस्तू लागते आणि तिचा फायदा खोलीच्या आतल्या माणसाला. अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात, त्याचा फायदा शेजाऱ्याला. भाड्याच्या खोलीत तुम्ही पुस्तकांची उघडी रॅक मागच्या भिंतीला लावा, जमिनीवर सतरंजीच्या खाली जुनी गोधडी घाला, आणि दोन पॅनल्स स्टँडवर उभी करा, खोली सोडताना घेऊन जाता येतील.

प्रश्न : माझ्या रिसीव्हरबरोबर (सगळे स्पीकर ज्याला जोडतो तो ऍम्प्लिफायरचा डबा) माइक आला आहे, तो सोफ्यावर ठेवला की आपोआप सेटिंग होतं. मग पॅनल्स, गाद्या हे सगळं कशाला? — एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

ते सेटिंग जरूर वापरा, स्पीकरची अंतरं आणि पातळ्या ते छान जुळवतं. पण ते फक्त स्पीकरला सांगू शकतं की हा सूर कमी दे, तो जास्त दे. बास जिथे फुगलाय तिथे तो खाली आणता येतो, हे काम चांगलं होतं. जिथे लाट स्वतःलाच खोडून शून्य झाली आहे तिथे कितीही जोर लावा, जेवढा जास्त पाठवाल तेवढाच परत येऊन खोडणार, ऍम्प्लिफायर मात्र तापेल. आणि भिंतीवरून उशिरा येणारा घुमार तर त्याला थांबवताच येत नाही. म्हणून क्रम असा, आधी सोफा आणि सबवूफरची जागा, मग पॅनल्स, आणि सगळ्यात शेवटी माइक. माइक हातात धरू नका, स्टँडवर कानाच्या उंचीवर ठेवा, पंखा आणि एसी बंद करा, आणि सोफ्याची पाठ उंच असेल तर माइक तिच्यापासून जरा पुढे.

ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांनी रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या, यूएसबीचा मोजमापाचा माइक लावा आणि पॅनलच्या आधीचा आणि नंतरचा आलेख काढून ठेवा. एकदा तो आलेख बघितला की स्पीकर बदलायची खुमखुमी बरीच कमी होते.

प्रश्न : आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची रोज तक्रार आहे. आम्ही भिंतींना फोम लावला, सबवूफरखाली रबर ठेवलं, तरी त्यांच्या घरात ढुम ढुम जातंच. काय करावं? — एक वाचक, डोंबिवली

काकांचं बरोबर आहे, हे आधी म्हणतो. फोमचा त्यांना काही उपयोग नाही, ते वर सांगितलंच. रबराने सबवूफरच्या पेटीची थरथर थेट स्लॅबमधे जाणं थोडं कमी होतं, पण मोठा भाग हवेतून जातो. बास खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांना ढकलतो, स्लॅबलाही, आणि स्लॅब काकांच्या खोलीत स्वतःच मोठ्या स्पीकरसारखा हलतो, शिवाय बीम-कॉलममधून बाजूच्या घरातही जातो. हे खरंच अडवायचं तर खोलीत दुसरी खोली बांधावी लागते, स्लॅबपासून तोडलेली तरंगती जमीन, वेगळ्या भिंती, वेगळं छत, वजनदार दार. सोसायटीच्या फ्लॅटमधे त्यात फूटभर जागा चारही बाजूंनी जाते आणि स्लॅबवर वजन येतं, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. मी तरी हा सल्ला फ्लॅटवाल्यांना देत नाही.

त्यापेक्षा हे करा. सबवूफर समोरच्या कोपऱ्यातून उचलून सोफ्याच्या अगदी मागे आणा, तुमच्यापासून दीड-दोन फुटांवर, आणि त्याचा आवाज बराच खाली आणा. जवळ असल्यामुळे तुम्हाला तेवढाच जाणवेल आणि खोलीत कमी भरेल, म्हणून काकांकडेही कमी जाईल. दुसरं, रिसीव्हरमधे नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज असं काहीतरी सेटिंग असतं, ते रात्री चालू ठेवा, मोठे धमाके दाबले जातात आणि बोलणं वर येतं. सोफ्याला लावायचे शेकर मिळतात, ते आवाज न करता फक्त सोफा हलवतात, त्यांच्याबरोबर सबवूफर अगदी नावाला ठेवला तरी मजा राहते, फक्त सोफ्याच्या पायांखाली जाड रबर हवं, नाहीतर तेही स्लॅबमधे जाईल.

वरच्या पट्टीतला आवाज जिन्यात जातो तो दाराखालच्या फटीतून आणि स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून. दाराला चारी बाजूंनी रबर पट्टी आणि खाली आपोआप बसणारी सील लावा. अर्ध्या इंचाची फट राहिली तर जाड दाराचाही उपयोग निम्मा होतो.

आणि नियमाचं म्हणाल तर 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण मला विचाराल तर एका रविवारी काकांना वर चहाला बोलवा, सिनेमातला तोच ढुम ढुमवाला प्रसंग लावा, तुमच्यापैकी एकजण त्यांच्या घरात जाऊन बसा आणि फोनवर सांगत राहा, आता येतोय, आता कमी झाला. तिथे जी पातळी ठरेल त्यावर सबवूफरच्या नॉबला स्केचपेनने खूण करून टाका, रात्री नऊनंतर त्या खुणेच्या वर जायचं नाही.

प्रश्न : खोली 12 बाय 12 ची, बरोबर चौकोनी आहे. कुणीतरी म्हणालं चौकोनी खोली होम थिएटरला बादच. खरं का? — एक वाचक, सातारा

बाद नाही, अवघड. लांबी आणि रुंदी दोन्हींची लाट 47 हर्ट्झलाच उभी राहते, त्यामुळे तो एकच सूर दुप्पट डोक्यात जातो. तुम्ही असं करा, मागच्या भिंतीला पूर्ण रुंदीचं दोन फूट खोल कपाट करून घ्या, पण प्लायवुडच्या शटरऐवजी चौकटीत ताणलेल्या कापडाची दारं, आणि आत घरातल्या सगळ्या गोधड्या, रजया, गाद्या, पाहुण्यांची अंथरुणं भरा. दोन फूट जाडीचं शोषण दुकानातून आणायला गेलात तर केवढ्याला पडेल, आणि इथे अंथरुणांची जागाही झाली. 47 चा फुगवटा त्याने पूर्ण जाणार नाही, पण त्याचं लांबत राहणं कमी होईल. त्यापुढे जायचं असेल तर एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान घ्या आणि ते डाव्या-उजव्या भिंतींच्या बरोबर मध्यावर समोरासमोर ठेवा, रुंदीची पहिली लाट त्याने जवळजवळ मरते.

प्रश्न : इंटिरियरवाले छताला पीओपीचा गोल घुमट करू म्हणतात, आत निळे लाइट. आवाजाला चालेल का? — एक वाचक, सोलापूर

तुम्ही सोलापूरचे, विजापूर जवळच आहे, गोल घुमट बघून आला असालच. 1656 मधे पूर्ण झालेला तो घुमट बाहेरून 44 मीटर व्यासाचा, वरच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं आणि एक टाळी कितीतरी वेळा परत येते. आतून खोलगट पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो, तिथे ती गंमत आहे, तुमच्या सोफ्यावर ती खोट होईल. घुमट नको. सपाट छत ठेवा, आणि त्यावर खर्च करायचाच आहे तर सोफ्याच्या वर, स्पीकर आणि सोफ्याच्या मधल्या भागात, कापड लावलेलं रॉकवूलचं मोठं पॅनल छतापासून चार इंच खाली टांगून घ्या आणि त्याच्या कडेने निळे लाइट सोडा, दिसायलाही छान दिसतं.

प्रश्न : आमचा जुना वाडा आहे. माडीवरच्या खोलीत लाकडी तक्तपोशी, खाली लाकडी जमीन, मातीच्या जाड भिंती. तिथे थिएटर करावं की नवीन स्लॅबच्या खोलीत? — एक वाचक, वाई

माडीवरच, डोळे झाकून. लाकडाच्या फळ्या बासला थोड्या थोड्या हलतात आणि त्या हलण्यात त्याचा जोर खर्च होतो, जे स्लॅब कधीच करत नाही. जाड भिंतीत खोलवर बसलेले कोनाडे, खुंट्या, तुळया यांनी वरचा आवाज विखुरतो. अशा खोलीत शिरून बोललं तरी आपलाच आवाज बरा वाटतो, तो काही मनाचा खेळ नाही. फक्त भिंतींना सिमेंटचं प्लास्टर आणि ऑइलपेंट मारू नका, आणि तक्तपोशीखाली पीओपी तर अजिबात नको. तुम्हाला एक जाड जाजम आणि बाजूला चार पॅनल्स पुरतील. खाली माजघरात आवाज भरपूर जाणार, ते मात्र धरून चाला, आणि वायरिंग जुनं असेल तर आधी ते बदला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, बेसमेंटमधे थिएटर करतोय. तुमचा कॉलम आई फोटो काढून पाठवते. इथे काय वेगळं? — एक वाचक, एडिसन

आईंना नमस्कार सांगा. तुमच्याकडे बरंच वेगळं आहे, आणि इथल्या वाचकांनीही हे वाचावं, कारण आपण बहुतेक व्हिडिओ तिकडचे बघतो. तिकडे लाकडी उभ्या दांड्यांवर (स्टड) ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे पातळ बोर्ड, ठोकलेली असते, ती भिंत बासला लवते, काही शोषते, काही बाहेर सोडून देते, त्यामुळे खोलीत बास साठायचा प्रश्न आपल्याइतका तीव्र नसतो. म्हणून तिथला माणूस चार पॅनल्स लावून समाधानी होतो आणि आपण त्याचं बघून तेवढंच करतो आणि फसतो. तुमचा खरा प्रश्न वरच्या मजल्यावर झोपलेली मुलं हा असणार. छत अजून उघडं असेल तर जॉइस्टच्या, म्हणजे छताच्या आडव्या लाकडी तुळयांच्या, मधे साधं इन्शुलेशन भरा, त्याखाली ड्रायवॉल थेट न ठोकता लवचीक क्लिप आणि चॅनेलवर टांगा, 5/8 इंचाचे दोन थर, कडा सगळ्या लवचीक सीलंटने बंद. छतात बसवायच्या रिसेस्ड लाइटसाठी छताला भोकं पाडू नका, तेवढ्यातून सगळं वर जातं. बेसमेंटला ओल येते का ते आधी एक पूर्ण पावसाळी मोसम बघून घ्या, पॅनल्स नंतर.

प्रश्न : सगळं केलं, पॅनल्स लागली, सोफा पुढे आला, आवाज फारच सुधारला. पण काही काही सीनला कुठूनतरी किर्र्र असा बारीक आवाज येतो. स्पीकर फाटला का? — एक वाचक, कोल्हापूर

बहुतेक नाही. मोबाइलवर टोन जनरेटरचं ऍप घ्या, रिसीव्हरला जोडा आणि 20 हर्ट्झपासून 120 पर्यंत अगदी सावकाश वर जा, आवाज बेताचाच ठेवून. ज्या आकड्याला किर्र्र सुरू होईल तिथेच थांबा, टोन चालू ठेवा आणि खोलीभर फिरून एकेका वस्तूवर तळहात ठेवत जा. ज्यावर हात ठेवल्यावर आवाज बंद होईल ती चोर. एका घरात आम्ही असं तासभर शोधत होतो, शोकेसची काच झाली, एसीची जाळी झाली, पीओपीतले लाइट झाले, शेवटी सापडली ती दाराची पितळी कडी, 43 हर्ट्झला ती कोयंड्यावर थरथरत होती. तिला आतून फेल्टचा छोटा तुकडा चिकटवला. काचेला कडेने सिलिकॉन, लाइटच्या रिंगला फोमची टेप, भिंतीवरच्या फोटोंच्या मागे चार कोपऱ्यांना रबराचे ठिपके. आणि स्पीकरचाही संशय असेलच, तर डावा-उजवा एकमेकांच्या जागी बदलून तोच टोन लावा, किर्र्र स्पीकरबरोबर पलीकडे गेला तर स्पीकर दाखवा, तिथेच राहिला तर अजून शोधा.